इशीचे धनुष्य

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात लासेन नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या परिसरातून मिल क्रीक आणि डीअर क्रीक हे दोन ओढे खोल दऱ्या कापीत खाली उतरतात व पुढे सॅक्रामेंटो नदीस मिळतात. दऱ्यांचे कडे उभे, माथ्यावर लाव्ह्याचे ओबडधोबड खडक आणि उतारांवर माणसाला ताठ उभे राहून चालता येऊ नये अशी झुडपांची दाटी, असा हा मुलूख आहे. ह्याच दऱ्याखोऱ्यांत याही नावाची एक लहानशी जमात पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. हरिण, ससे, ओढ्यांतून वर चढून येणारे साल्मन मासे आणि ओक वृक्षाच्या फळांचे पीठ ह्यांवर तिचा निर्वाह चाले. इशी हा ह्या जमातीतील पुरुष.

'इशी' हे त्याचे खरे नाव नव्हे. याही भाषेत ह्या शब्दाचा अर्थ केवळ 'माणूस' असा आहे. स्वतःचे नाव परक्यापुढे स्वतःच्या तोंडाने उच्चारू नये, ते दुसऱ्या आप्ताने सांगावे, अशी त्या लोकांची रीत होती. जगाला इशीची ओळख झाली, तेव्हा त्याचे नाव सांगणारा एकही आप्त त्याच्याजवळ उरला नव्हता. त्यामुळे ज्याच्याविषयी पुढे ग्रंथ लिहिले गेले, त्याचे नाव मात्र कोणालाच कळले नाही.

इशीचा जन्म १८६० च्या सुमारास झाला असावा. त्याच्या जन्मापूर्वीच त्याच्या लोकांवर अरिष्ट कोसळले होते. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि देशोदेशींचे लोक लोंढ्याने तेथे येऊ लागले. नद्या खाणींच्या गाळाने भरल्या, मासे कमी झाले, कुरणे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या गुरांनी व्यापली. कोलंबसाच्या गैरसमजामुळे ज्यांना 'इंडियन' हे नाव कायमचे चिकटले, ते मूळचे रहिवासी आपल्याच भूमीत उपरे ठरले. उपासमार होऊ लागली तशी त्यांनी गोऱ्यांची गुरे मारली; गोऱ्यांनी सूड म्हणून वस्त्याच्या वस्त्या कापून काढल्या. याही लोकांची संख्या मुळात तीनचारशेच असावी असा अंदाज आहे. १८६५ मध्ये मिल क्रीकच्या काठी पहाटेच्या वेळी त्यांच्या वस्तीवर बंदुका झाडण्यात आल्या, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत एका गुहेत आश्रयास गेलेल्या सुमारे तीस जणांची हत्या झाली. इशी त्या वेळी लहान मुलगा होता.

उरलेल्या मूठभर माणसांनी लपून राहण्याचा निश्चय केला. तो त्यांनी सुमारे चाळीस वर्षे पाळला. ह्या काळात त्यांना बंदुका मिळाल्या असत्या तरी त्यांचा उपयोग नव्हता. बंदुकीचा एक बार म्हणजे साऱ्या दरीला दिलेली दवंडी. धनुष्य मात्र बोलत नाही. म्हणून आगगाड्या व तारायंत्रे ह्यांच्या त्या युगात ही माणसे धनुष्यबाणावरच जगली. ती दगडावरून दगडावर उड्या टाकीत चालत, म्हणजे पाऊल उमटत नसे. जेथे मातीवर पाय पडणे अटळ असे, तेथे ती पावलांचे ठसे वाळक्या पानांनी झाकून टाकीत. झुडपांखालून रांगत जाण्याच्या त्यांच्या वाटा वरून दिसत नसत. स्वयंपाकाचा विस्तव अगदी लहान ठेवावयाचा, कड्यावरून दोराच्या साहाय्याने पाण्यावर उतरावयाचे आणि कुऱ्हाडीचा घाव कोठेही घालावयाचा नाही, असे त्यांचे नियम होते. ह्या नियमांत चूक करण्यास जागा नव्हती.

अशा ठिकाणी हरिण मारणे किती बिकट असे, ह्याची कल्पना सपाट रानात शिकार करणाऱ्यास येणार नाही. डोंगरातील हरिण उंचावर राहते. वाऱ्यावरून त्याला माणसाचा वास लागतो आणि एक खडा घरंगळला तरी ते कड्यापलीकडे दिसेनासे होते. इशीचा बाण लागावयाचा तर त्याला सावजाच्या दहा ते पन्नास वारांच्या आत जाणे आवश्यक असे. शिवाय नेम चुकला तर सारे कुटुंब उपाशी राही. म्हणून इशीच्या लेखी शिकार ही बाण सोडण्याच्या क्षणी होत नसे. ती कित्येक महिने आधी, धनुष्याचे लाकूड निवडताना सुरू होई.

धनुष्यासाठी तो डोंगरातील जुनिपर वृक्षाचे लाकूड पसंत करी. गाठी नसलेली एक फांदी फोडून तिचा बाहेरचा, सालीखालचा भाग तो घेई आणि दगडी पात्यांनी तासून व वालुकाश्मावर घासून तिला चपटा आकार देई. धनुष्याची लांबी सुमारे ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट असे. ती मोजण्यास त्याला पट्टी लागत नसे. हात आडवा पसरून बोटांच्या टोकापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंतचे अंतर, हे त्याचे माप. प्रत्येकाचे धनुष्य ज्याच्या त्याच्या देहाशी जुळावे, हे तत्त्व ह्या मापातच होते. मुठीशी अरुंद, दोन्ही बाहूंच्या मध्याशी रुंद आणि टोकांकडे निमुळते असे ते धनुष्य घडे. टोके तापलेल्या दगडावर दाबून किंचित मागे वळविली जात. मग ते लाकूड बांधून अंधाऱ्या व कोरड्या जागी वाळत ठेवावयाचे. हे वाळणे काही महिन्यांचे असे, आणि घाई केल्यास धनुष्य ऐन वेळी मोडण्याचा संभव असे.

केवळ लाकडाचे एवढे आखूड धनुष्य पूर्ण ताणले तर तडकेल. त्याला बळकटी येई ती पाठीवर चढविलेल्या तातीमुळे. हरणाच्या पायांतील लांब स्नायुबंध काढून, वाळवून, इशी ते तोंडात घेऊन चावीत बसे. चावल्याने त्यांचे रेशमासारखे बारीक धागे सुटे होत व त्यांस चिकटपणा येई. साल्मन माशाची कातडी उकळून केलेला सरस धनुष्याच्या खरखरीत केलेल्या पाठीवर लावून त्यावर हे धागे एकावर एक, आडव्या फटी न ठेवता, तो बसवी. ते वाळताना आकसत व लाकडाला मागे ओढून धरीत. धनुष्याची दोरीही अशाच धाग्यांची, बोटांनी पीळ देऊन वळलेली असे. सिद्ध झालेल्या धनुष्याचा ताण सुमारे ४० ते ४५ पौंड भरे. हा ताण फार नाही. जाणकाराला तो कमीच वाटेल. परंतु जवळ जाण्याची विद्या ज्याला साधली आहे, त्याला जास्त जोराची गरज नसते.

धनुष्याची निगा राखण्याचे त्याचे नियम काटेकोर होते. काम नसेल तेव्हा दोरी उतरवून ठेवावयाची. धनुष्य भिंतीला उभे टेकवून ठेवावयाचे नाही. ते उभे असले म्हणजे काम करीतच राहते व दमते, आडवे ठेवले म्हणजे विश्रांती घेते, अशी त्याची समजूत होती. त्यावरून कोणी ओलांडून जाऊ नये, मुलांनी ते हाताळू नये व स्त्रीने त्याला स्पर्श करू नये, असेही तो मानी. ह्यांतील काही समजुती आज कोणी स्वीकारणार नाही. परंतु सदैव ताणलेले धनुष्य निर्बळ होते, हा त्यांतील अनुभव मात्र जगातील सर्व धनुर्धरांचा आहे.

बाणांसाठी विच हेझल नावाच्या झुडपाच्या सरळ काड्या तो आणी. त्या सोलून, जुडी बांधून, सावलीत वाळवी. निसर्गात पूर्णपणे सरळ काडी क्वचितच मिळते. म्हणून प्रत्येक काडी निखाऱ्यांवर धरून, ऊन झालेला भाग अंगठ्याने दाबून, एक डोळा मिटून टोकाकडून पाहत पाहत तो सरळ करी. मग वालुकाश्माच्या दोन खाच पाडलेल्या तुकड्यांमध्ये धरून ती गुळगुळीत करावयाची, मागे दोरीसाठी खाच पाडावयाची आणि गरुड, ससाणा, रानहंस अशा पक्ष्यांची उभी चिरलेली तीन पिसे ओल्या तातीने बांधावयाची. ओली तात वाळली की इतकी घट्ट बसे की गाठीची गरज राहत नसे. बाण तो पाच पाचांच्या गटाने करी.

सर्वांत कौशल्याचे काम बाणाच्या टोकाचे होते. ज्वालामुखीतून निघालेला ऑब्सिडियन नावाचा काळा, काचेसारखा दगड असतो. त्याची एक ढलपी काढून, चामड्याचा तुकडा ठेवलेल्या डाव्या तळहातात ती धरून, हरणाच्या शिंगाच्या टोकाने तिच्या कडेवर दाब देत देत इशी बारीक कपच्या उडवी. अर्ध्या तासात त्या ढलपीचे पानासारखे रेखीव, वस्तऱ्याइतके धारदार पाते तयार होई. लपून राहण्याच्या काळात गोऱ्यांनी टाकून दिलेल्या बाटल्यांच्या काचाही त्याने अशाच घडविल्या. हे काम करताना कधी काचेचा कण डोळ्यात उडे. अशा वेळी तो डोळा चोळीत नसे. बोटाने खालची पापणी ओढून धरी, मान खाली घाली आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या डोक्यावर जोराने थाप मारी. तो कण खाली पडे व इशी पुन्हा कामास लागे.

साधने झाली म्हणजे तयारी संपली असे नव्हे. खरी तयारी शिकाऱ्याच्या देहाची असे. शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे आणि तंबाखू ओढीत नसे, कारण ह्या दोहोंचा वास हरणाला दुरून कळतो. पहाटे उठून तो ओढ्यात स्नान करी, सुगंधी पाल्याने अंग चोळी, तोंड धुई व पाणी पिऊन उपाशीच निघे. अंगावर लंगोटीखेरीज काही नसे. कपडा झुडपात अडकून आवाज करतो. शिवाय उघड्या अंगाला काटा लागतो म्हणून माणूस अधिक जपून चालतो, असे त्याचे म्हणणे होते. पाणमांजराच्या कातडीचा भाता पाठीवर व धनुष्य हाती घेऊन तो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चढू लागे.

त्याची चाल अत्यंत सावकाश असे. पाऊल टाकण्यापूर्वी तो ते कोठे पडणार हे पाही. प्रत्येक खडकाच्या वळणावर थांबून पुढचा उतार न्याहाळी. रानातील प्रत्येक प्राणी त्याला बातमी देई. निळा जे पक्षी कर्कश ओरडू लागला म्हणजे तो इतर प्राण्यांना माणूस आल्याचे सांगत आहे असे तो समजे आणि तो पक्षी शांत होईपर्यंत हलत नसे. खारीचा चिरचिराट चिडल्याचा की भ्याल्याचा, हे तो ओळखी. ओठांशी बोटे धरून तो संकटात सापडलेल्या सशासारखा आवाज काढी. तो ऐकून ससे तर येतच, पण सशाच्या आशेने रानमांजरही येई. झाडाचे पान दुमडून ओठांत धरले की पाडसाची हाक निघे व हरिणी त्या दिशेने वळे. कधी हरणाचे पोकळ केलेले मुंडके डोक्यावर घालून झुडपाआडून ते तो मधूनमधून वर करी. हरणे स्वभावाने चौकस असतात. ती पाहण्यास पुढे येत. कधी पायवाटेशेजारच्या खडकामागे तो तासन्‌तास दबा धरून बसे. मग गुडघ्यावर टेकून, धनुष्य आडवे-तिरपे धरून, अंगठ्याने दोरी ओढून तो बाण सोडी.

ही विद्या त्याला वडीलधाऱ्यांकडून मिळाली होती. परंतु ती पुढे देण्यास त्याच्याजवळ कोणी नव्हते. याहींची संख्या घटत घटत चारवर आली. इशी, त्याची वृद्ध आई, एक वृद्ध पुरुष आणि बहीण किंवा चुलत बहीण असावी अशी एक स्त्री, एवढीच माणसे डीअर क्रीकच्या एका कड्यावर दाट झाडीत झोपड्या करून राहत होती. त्या जागेच्या नावाचा अर्थ ग्रिझली अस्वलाची लपण्याची जागा असा होता. १९०८ च्या नोव्हेंबर महिन्यात वीज निर्माण करण्याच्या एका योजनेसाठी मोजणी करणारी माणसे त्या झाडीत शिरली. वृद्ध पुरुष व ती स्त्री पळाली. ती पुन्हा कोणास दिसली नाहीत. आईला चालता येत नव्हते. ती पांघरुणाखाली पडून होती. तिला त्या लोकांनी इजा केली नाही. पण जाताना झोपड्यांतील धनुष्ये, बाण, टोपल्या, कातडी वस्त्रे अशा वस्तू स्मरणचिन्हे म्हणून उचलून नेल्या. नेणाऱ्यांच्या दृष्टीने त्या गमतीच्या वस्तू होत्या. ऐन थंडीच्या तोंडावर त्या कुटुंबाचे अन्नवस्त्र व अन्न मिळविण्याची साधने एका दिवसात नाहीशी झाली. आई लवकरच वारली. इशी एकटा उरला.

त्यानंतर सुमारे पावणेतीन वर्षे तो कसा जगला, हे त्याने फारसे कधी सांगितले नाही. मृतांविषयी बोलणे त्याला असह्य होई. २९ ऑगस्ट १९११ रोजी पहाटे ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्याच्या कुंपणाशी कुत्री भुंकू लागली. तेथे एक अस्थिपंजर झालेला माणूस बसला होता. अंगावर फाटक्या तागपटाचा तुकडा होता. सुतकाची खूण म्हणून केस जाळून आखूड केलेले होते. शेरीफाने त्याला तुरुंगाच्या कोठडीत ठेवले. ह्यात शिक्षेचा हेतू नव्हता. गर्दीपासून त्याला वाचविण्यास दुसरी जागा नव्हती. इशीची मात्र समजूत अशी होती की आता आपल्याला ठार मारण्यात येणार.

वर्तमानपत्रांतील बातमी वाचून कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानववंशशास्त्राचा प्राध्यापक अल्फ्रेड क्रोबर ह्याने आपला सहकारी वॉटरमन ह्यास तेथे पाठविले. वॉटरमनने याहींच्या शेजारच्या जमातींच्या भाषांतील शब्दांची यादी बरोबर नेली होती. कोठडीत बसून तो एकेक शब्द वाचू लागला. पुष्कळ वेळपर्यंत त्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. शेवटी पिवळ्या पाइन वृक्षाच्या लाकडाचा 'सिविनी' हा शब्द वॉटरमनने उच्चारला व खाटेच्या लाकडी चौकटीवर बोट आपटले. इशीचा चेहरा एकदम उजळला. दोघेही तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत खाट ठोकू लागले. तीन वर्षांनंतर दुसऱ्या माणसाच्या तोंडून आपल्या भाषेतील एक शब्द त्याच्या कानी पडला होता.

४ सप्टेंबर १९११ रोजी इशी सॅन फ्रान्सिस्को येथे आला आणि विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयात राहू लागला. ह्या व्यवस्थेविषयी आज दुमत आहे आणि ते योग्यच आहे. माणसाने संग्रहालयात राहावे, रविवारी दुपारी प्रेक्षकांपुढे बसून विस्तव पाडून व बाणाची पाती घडवून दाखवावी आणि 'अखेरचा रानटी इंडियन' म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक करावे, ह्यात मान किती व अपमान किती हे ठरविणे अवघड आहे. तथापि इशीला शासनाच्या राखीव वसाहतीत जाण्याचा पर्याय देण्यात आला होता व तो त्याने नाकारला. ह्याच घरी आपण म्हातारे होऊ, असे त्याने सांगितले. झाडलोटीच्या कामाचे महिना २५ डॉलर वेतन त्याला मिळे व त्यांतून तो काटकसरीने शिल्लक टाकी. टापटीप, सौजन्य व मंद विनोद हे त्याचे गुण सर्वांच्या लक्षात आले. ज्यांच्या ज्ञातीने आपले सारे गणगोत मारले, त्यांच्याविषयी त्याच्या वागण्यात वैर दिसले नाही.

संग्रहालयाच्या शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय होते. तेथे १९१२ मध्ये सॅक्स्टन पोप हा शल्यवैद्य शिकविण्यास आला. इशीची प्रकृती पाहता पाहता त्याचे लक्ष इशीच्या धनुष्याकडे गेले, आणि वैद्य शिष्य व रोगी गुरू झाला. दोघे मोकळ्या मैदानावर नेम मारू लागले. गंमत अशी की रंगीत वर्तुळे काढलेल्या लक्ष्यावर दुरून नेम मारण्यात इशी काही फार चांगला नव्हता. त्याच्या जन्माच्या शिक्षणात अशा लक्ष्याला स्थान नव्हते. परंतु रानात, जवळच्या सावजावर त्याचा हात क्वचितच चुके. पोपने इशीचे धनुष्य घडविण्याचे प्रत्येक अंग टिपून घेतले व पुढे १९१८ मध्ये याही धनुर्विद्येवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. इशीची विद्या लोपली नाही ती ह्यामुळे.

१९१४ च्या मे महिन्यात क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोपचा अकरा वर्षांचा मुलगा ह्यांनी इशीसह डीअर क्रीकच्या दरीत जाण्याचा बेत केला. इशीला हा बेत मुळीच रुचला नाही. ज्या दरीत आईबाप गेले, जेथे एकेक आप्त डोळ्यांदेखत नाहीसा झाला, तेथे मौजेखातर कोण जाईल? मित्रांच्या आग्रहास्तव तो निघाला. पहिले काही दिवस तो अबोल राहिला. मग हळूहळू पाय ओळखीच्या दगडांवर पडू लागले. त्याने ओढ्यात पोहून दाखविले, रांगत जाण्याच्या वाटा दाखविल्या, वस्त्यांची ठिकाणे, डोंगरकड्यांची नावे व वनस्पतींचे उपयोग सांगितले. त्यांवरून त्या मुलखाचा नकाशा तयार झाला. धनुष्य घेऊन तो लहान मुलगा इशीच्या मागोमाग फिरे. पाय कसा टाकावा, वारा कसा ओळखावा, पक्ष्याची हाक ऐकून केव्हा थांबावे, हे सारे इशी त्याला शब्दांवाचून शिकवी. आपल्या मुलाला शिकविण्याचे भाग्य त्याला लाभले नव्हते. मुक्काम संपला तेव्हा परत निघण्याची घाई मात्र सर्वांत अधिक त्यालाच झाली होती.

दऱ्याखोऱ्यांत बंदुकांपासून वाचलेला हा देह शहरातील रोगांपुढे टिकला नाही. १९१५ च्या उन्हाळ्यात एडवर्ड सपीर हा भाषाशास्त्रज्ञ त्याच्याकडून याही भाषा लिहून घेण्यास आला. आपण गेल्यावर ही भाषा बोलणारे कोणी नाही हे जाणून इशीने दिवसाचे कित्येक तास त्याच्याबरोबर काम केले. त्याच सुमारास त्याला क्षय असल्याचे निश्चित झाले. २५ मार्च १९१६ रोजी दुपारी इशीने देह ठेवला. शेवटपर्यंत पोप त्याच्याजवळ होता.

इशीच्या लोकांत मृतदेहाची चिरफाड निषिद्ध मानीत, हे त्याच्या सर्व मित्रांना ठाऊक होते. क्रोबर त्या वेळी देशाच्या पूर्व भागात होता. शवविच्छेदन होऊ देऊ नये असे त्याने निक्षून लिहून कळविले. तरीही ते झाले, आणि त्यात इशीचा मेंदू काढून घेण्यात आला. देहाचे दहन झाले. चितेवर त्याचे एक धनुष्य, पाच बाण, ओकफळांच्या पिठाची टोपली, शंखमण्यांचे चलन व थोडी तंबाखू ठेवण्यात आली. अस्थी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या कोल्मा येथील स्मशानात मातीच्या घटात ठेवल्या गेल्या. मेंदू मात्र १९१७ मध्ये वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेकडे गेला; आणि ज्या क्रोबरने विच्छेदनास विरोध केला होता, त्यानेच तो पाठविला. त्याने असे का केले, ह्याचे समाधानकारक उत्तर त्याच्या चाहत्यांनाही देता आलेले नाही.

पोपने धनुष्य सोडले नाही. १९२० मध्ये आर्थर यंग व इतर सोबत्यांसह तो यलोस्टोनच्या डोंगरात धनुष्यबाणाने ग्रिझली अस्वलांच्या शिकारीस गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संग्रहालयासाठी नमुने मिळविण्याची परवानगी त्यांना मिळाली होती. त्या मोहिमेची तयारीही दीर्घ होती, परंतु तीत इशीच्या घरची भूक नव्हती. आणि कॅलिफोर्नियातून तर ग्रिझली अस्वल त्याच दशकात समूळ नाहीसे झाले. पोपचा धनुष्यबाणाच्या शिकारीवरील ग्रंथ १९२३ मध्ये निघाला व १९२६ मध्ये तो वारला. अमेरिकेत धनुष्य घेऊन डोंगर चढणाऱ्या हौशी शिकाऱ्यांची परंपरा ह्या दोघा मित्रांपासून मोजली जाते. त्यांच्या नावांनी १९६१ मध्ये एक मंडळही स्थापन झाले. त्याच वर्षी क्रोबरची पत्नी थिओडोरा हिने लिहिलेले इशीचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि त्याचे नाव घरोघरी पोहोचले. १९८४ मध्ये मिल क्रीक व डीअर क्रीकच्या दऱ्यांचा काही भाग त्याच्या नावाने राखीव अरण्य म्हणून जाहीर झाला.

इशीच्या मेंदूचा प्रश्न उत्तर कॅलिफोर्नियातील मूळ रहिवाशांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा उपस्थित केला. तो नष्ट झाला असावा असे पुष्कळांना वाटत होते. १९९९ मध्ये तो स्मिथसोनियनच्या साठवणीत असल्याचे उघड झाले. याही ही जमात ज्या मोठ्या याना समूहाची शाखा होती, त्याचे वंशज रेडिंग रँचेरिया व पिट रिव्हर ह्या समाजांत आहेत. इशी हा आपल्या कुळातील अखेरचा असला, तरी त्याला आपला म्हणणारे कोणी उरले नाही असे मुळीच नव्हते. २००० सालच्या ऑगस्टमध्ये संस्थेने मेंदू त्यांच्या स्वाधीन केला. कोल्मा येथील घटही त्यांनी आणला. दोन्ही एकत्र करून लासेनच्या पायथ्याच्या मुलखात त्यांनी आपल्या रीतीने भूमीस दिली. ती जागा कोणती, हे त्यांनी बाहेरच्या कोणास सांगितलेले नाही.